तू पोचेपर्यंत केर नाही

शरूआत्या,

हे मी विमानात बसून लिहितेय आणि तू माझ्या पुढ्यातल्या सीटखाली आहेस. तुझ्याच त्या निळ्या फुरोशिकीत, म्हणजे ज्या चौकोनी कापडात तू लोकांना चकल्या बांधून द्यायचीस, त्याच कापडात तुला बांधलंय. तुला पाय लागू नये म्हणून मी या एवढ्याशा सीटवर मांडी घालून बसलेय. शेजारचा माणूस दोनदा बघून झालाय. बघू दे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वैजू, गुडघे आत घे, त्या बिचाऱ्याचं भजं करून ठेवलंयस."

खरं तर तुला मांडीवरच घेऊन बसले होते. विमान सुटायच्या वेळी हवाई सुंदरी आली आणि पिशवी खाली ठेवा म्हणाली. मी म्हटलं, ही माझी आत्या आहे. तिनं वाकून तुला नमस्कार केला, आत जाऊन एक पांघरूण आणलं आणि तुझ्याभोवती नीट खोचून तुला सीटखाली ठेवलं. मग मला म्हणाली, यांना प्रवास सुखाचा होवो. नियम तो नियम, पण पाळायचा कसा हे या लोकांना कळतं. तू पण हेच म्हणायचीस, फक्त शेवटी "आणि आपल्याकडे बघ" असं जोडायचीस.

समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवलाय. नारिता ते मुंबई, पावणेसात हजार किलोमीटरच्या आसपास. आपलं बारकं विमान आत्ता कोरियावर आहे. खाली लिहिलंय मुक्कामाला किती अंतर उरलं आणि किती वेळ लागेल. हा प्रश्न माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा तू विचारला आहेस. ऑफिसात मीटिंगमध्ये असले तरी तुझा फोन: "अगं, ते मुंबईचं विमान किती तास घेतं म्हणालीस?" जणू मी बँकेच्या आयटी डिपार्टमेंटमध्ये नाही, नारिताच्या चौकशीच्या खिडकीवर बसते.

तुला तास कशाला हवे असायचे, ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. तुला केर कधी काढायचा ते ठरवायचं असायचं.

मी टोकियोत आले तेव्हा तीन वर्षांचं पोस्टिंग होतं, नंतर ते वाढतच गेलं, आणि पहिलं वर्ष तुझ्याकडेच राहिले. पुढे ओजिमाच्या सरकारी वसाहतीत, आपल्या लोकांच्या गर्दीत, खोली घेतली. तुझ्या घरापासून सायकलनं दहा मिनिटं. पण भारतात जायचं म्हटलं की निघायचं तुझ्याच घरून, हा हुकूम होता. आदल्या दिवशी बॅग घेऊन यायचं. सकाळी हातावर दही. उंबऱ्यापाशी "जाते नाही म्हणायचं, येते म्हण." तोवर ठीक, ते कुठल्याही घरी असतं. खरी गंमत मी कोपऱ्यावरून वळल्यानंतर सुरू व्हायची. माणूस बाहेर पडलं की त्याच्या पाठीवर केर काढायचा नाही. ते मुक्कामाला पोचल्याचं कळलं की मग झाडू हातात घ्यायचा. पुण्याहून हडपसरला जाणाऱ्या माणसासाठी केलेला नियम तू सात समुद्रांपलीकडच्या टोकियोत चालवलास.

त्यावर आणखी तुझा दुसरा नियम, दिवेलागण झाली की केर काढायचा नाही. आता बघ, विमान सकाळी निघणार, मुंबईत संध्याकाळी उतरणार, तेव्हा टोकियोत केव्हाचा अंधार पडलेला. म्हणजे तुझ्या घराचा केर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसाच. आणि तेही जपानमध्ये, जिथे बायका उजाडल्याबरोबर दारासमोरचा रस्ता झाडतात आणि शेजारणीच्या हद्दीतलंसुद्धा चार बोटं झाडून येतात. शेजारच्या कावाई आजींना तू सांगूनच ठेवलं होतंस, आमचं माणूस वाटेत आहे, आज आमच्या दारात झाडू नका. त्याही मान डोलवायच्या. काय समजल्या असतील देव जाणे.

पहिल्या वेळी मुंबईला उतरल्याबरोबर मी इमाने इतबारे मेसेज टाकला. "उतरले." तुझं उत्तर लगेच. "उतरलीस. पोचलीस का?"

मी वैतागले. चाकं जमिनीला लागली, नकाशावर अंतर शून्य झालं, आणखी काय राहिलं? तू म्हणालीस, शून्य तुझ्या विमानाचं झालं. तुझं होईल ते उंबरठा ओलांडून आत गेलीस आणि घोटभर पाणी प्यायलीस की. त्यानंतर पुण्यापर्यंतचा घाट, टोलनाका, ड्रायव्हरचं चहाला थांबणं, हे सगळं तुझ्या घराला केरासकट सोसावं लागलं. वर्षानुवर्षं आपण यावर भांडलो. पोचणं म्हणजे धावपट्टी की उंबरठा? मी तुला विमानतळाच्या वेबसाइटवरची वेळ दाखवायचे. तू चष्मा वर सरकवून म्हणायचीस, "त्यांना विमान पोचवायचंय गं. मला तू हवीयेस."

आपलं दुसरं भांडण तासांचं. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना आठच्या आसपास. तुझं म्हणणं, अंतर तेच तर वेळ वेगळी कशी? मी कागदावर पृथ्वी काढून दाखवली. वर जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, इकडे येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. तू सगळं ऐकून घेतलंस, कागदावर शेंगा सोलायला घेतल्यास आणि निकाल दिलास. "म्हणजे इकडे यायला उतार आहे आणि माहेरी जायला चढ. सरळ सांग की. एवढी पृथ्वी कशाला काढलीस?"

मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, माहेरी जायला चढ आहे हे तुला माझ्या कागदाच्या खूप आधी ठाऊक होतं.

केंजीकाकांची गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की ती मला स्वतः बघितल्यासारखी वाटते. बाबा जपानला आले होते, एकदाच आले. तुमचं दोघांचं लग्न नवं होतं. बाबा परत निघाले, टॅक्सी वळली आणि भल्या माणसानं, मेहुणे गेले म्हणून दुःख झालं असेल, हात रिकामे ठेवायचे कसे म्हणून, झाडू घेतला आणि पायरीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत लख्ख झाडून काढलं. तू वरच्या खिडकीतून किंचाळलीस. काका म्हणाले, काय झालं? तेव्हा तुझं जपानी तरी कुठे धड होतं! तू रडत रडत फक्त "झाडू नको, झाडू नको" म्हणत राहिलीस. आणि झालं काय, तर विमानात बिघाड निघाला, ते अर्ध्या वाटेतून नारिताला माघारी आलं आणि संध्याकाळी बाबा पुन्हा दारात हजर! योगायोगच तो, पण काकांनी कमरेत वाकून बाबांची माफी मागितली. बाबा म्हणाले, "अहो, उलट एक जेवण जास्त मिळालं." त्या रात्रीपासून काकांनी झाडू जिन्याखालच्या कपाटात ठेवला आणि कपाटाची किल्ली तुझ्याकडे दिली. पुढे तुझ्यापेक्षा तेच कडक झाले. फोन आला की तेच आधी विचारायचे, "पोचली का?" आणि मग तू झाडू काढून मोठ्यानं म्हणायचीस, "चला, पोचली आमची पोर!" काकांनी ते एक मराठी वाक्य तेवढं पाठ केलं होतं. कोण का पोचेना, पाहुणा असो की म्हातारा, ते म्हणायचे, "चला, पोचली आमची पोर."

काका गेल्यावर मिनानं तुला तो केर काढणारा रोबो आणून दिला. तुझी लेक, तिचं बरोबरच होतं. आईचे गुडघे दुखतात, बसल्या जागी काम होईल. तिनं त्याला सकाळची वेळ लावून दिली. तुम्ही दोघी विसरलात की त्या सकाळी मी निघणार होते. मी स्टेशनवर पोचते न पोचते तोच तुझा फोन. "अगं, तो मेला सुटलाय! तुझ्या पाठीवर निघालाय थेट!" मागून मिना जपानीत हसत होती. तू त्याच्यावर कपड्यांची बास्केट पालथी घातलीस आणि तो आतल्या आत धडका देत राहिला. मी फलाटावर एकटी उभी राहून हसत होते आणि लोक सभ्यपणे दुसरीकडे बघत होते. मी पोचेपर्यंत तो बास्केटखालीच होता.

मिना म्हणायची, आई, ही तुमची अंधश्रद्धा आहे. जपानीत म्हणायची, तू मराठीत उत्तर द्यायचीस, तुमच्या घरात भांडणसुद्धा दोन भाषांत चालायचं. तिला तू कधी सांगितलंस का ते सगळं मुळात कुठून आलं? मला सांगितलंस, एका दुपारी, गॅलरीत कपडे वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून.

तू केंजीकाकांशी लग्न करून निघालीस तेव्हा आजी तुझ्याशी बोलत नव्हती. हातावर दही ठेवलं नाही. उंबऱ्यापर्यंत आली नाही. भिंतीकडे तोंड करून भाजी चिरत बसली. तू "येते" म्हणालीस, तिनं "बरं"सुद्धा म्हटलं नाही. तू ते मनात घेऊन निघालीस आणि कित्येक महिने तेच मनात होतं. मग बाबा इथे आले तेव्हा, त्या जास्तीच्या जेवणाला, त्यांनी तुला सांगितलं की आईनं तुझी पोचल्याची तार येईपर्यंत घरात झाडू लावू दिला नव्हता. तार यायला कितीतरी दिवस लागले. घरात कचरा, भाजीची देठं, तुझे केस, सगळं तसंच. कामाच्या बाईला दारातून परत पाठवलं. शेजारणी टोचून बोलल्या तरी आजी हलली नाही. तार आली, तिनं ती वाचूनही घेतली नाही, उठली आणि झाडू घेतला.

हे सांगून तू चादर झटकलीस आणि म्हणालीस, "बोलली नाही गं. पण केर काढला नाही." मी चिमटे पुढे केले.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, आत्या. आता सांगते. विमानात लोकांना झोप लागत नाही, मला नेहमी लागायची. कारण मला माहीत असायचं, की तुझ्या ओट्याखाली माझ्या टोस्टचे कण पडलेत, आरशापुढे माझे केस पडलेत, आणि ते कुणी उचलणार नाही. मी दोन देशांच्या मधे कुठेतरी हवेत असताना जमिनीवर माझी जागा कुणीतरी तशीच राखून ठेवली आहे. माझ्या आईनंसुद्धा माझ्यासाठी असं काही केलं नाही, तिला तेवढा वेळ नसतो. तुझी थट्टा करण्यात मी पटाईत, पण हे काही म्हणाले नाही. आज झोप लागत नाहीये.

नकाशावर आता चीन मागे पडलाय.

आपलं शेवटचं बोलणं काय झालं आठवतं? भांडणच. मी सिंगापूरवरून जाणारं तिकीट बघत होते आणि तू बिथरलीस. "दोनदा उतरणार आणि एकदा पोचणार. मधल्या वेळात माझं घर उकिरडा." मी म्हटलं, आत्या, जग कुठे चाललंय आणि तू कुठे. तू म्हणालीस, "जग जाऊ दे कुठे जायचं ते, तू थेट जा." मी म्हटलं बघू. त्यानंतर तुला दवाखान्यात नेलं, आणि तिथून तू बोललीच नाहीस. हे बघ, थेट विमानानंच नेतेय तुला. भांडण तू जिंकलीस.

तू गेल्यावर तुला शेवटची एक रात्र घरी आणलं होतं. दुसऱ्या दिवशी तुला दारातून बाहेर नेलं, गाडी वळली, आम्ही दोघी मागून निघणार होतो, आणि मी उंबऱ्यात उभी राहिले. मला माहीत होतं काय करायचं ते. तूच शिकवलं होतंस. जिवंत माणूस परत यावं म्हणून केर थांबवायचा, आणि गेलेल्या माणसानं मागे रेंगाळू नये म्हणून लगेच काढायचा, घर झाडून धुऊन घ्यायचं. मी जिन्याखालचं कपाट उघडलं. झाडू हातात घेतला. स्वयंपाकघरात मेथीच्या काड्या पडल्या होत्या, तुझ्या हातच्या, दवाखान्यात जायच्या सकाळी निवडलेल्या. उशीच्या कडेला तुझे पांढरे केस. मी उभीच राहिले.

मिना मागून आली. तिला नियमाचा अर्धाच भाग माहीत. तिनं झाडूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जपानीत विचारलं, "आईला पोचायला किती तास लागतात?"

आत्या, मला आयुष्यात पहिल्यांदा आकडा सांगता आला नाही. मी खाली पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. नियमाचा दुसरा अर्धा भाग तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. तिनं माझ्या हातून झाडू काढून घेतला, कपाटात ठेवला, किल्ली खिशात टाकली. रोबोची वायर काढून त्याच्यावर बास्केट पालथी घातली. म्हणाली, "मग थांबू."

पुढचं थोडक्यात सांगते. अग्नी दिल्यावर इथल्या रीतीनं आम्ही दोघींनी तुझ्या अस्थी चॉपस्टिक्सनी उचलल्या, एकच अस्थी दोघींनी मिळून धरायची. जेवताना चॉपस्टिकमधला घास दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये देऊ नकोस म्हणून तू माझ्या हातावर किती चापट्या मारल्यास ते आठवलं, आणि त्या का मारल्यास तेही तिथे कळलं. अर्ध्या अस्थी काकांच्या शेजारी जातील, तोवर त्या तुझ्या खोलीत आहेत, मिना रोज सकाळी त्यांच्यापुढे चहा ठेवते. अर्ध्या बाबांनी मागितल्या. मी मिनाला म्हटलं, चल, दोघी जाऊ. ती नको म्हणाली. "दोघी गेलो तर मागे घर न झाडता थांबणार कोण?"

आज सकाळी ती दारात आली. काय करायचं हे तिनं कधी केलेलं नव्हतं, पण बघितलं होतं. आधी माझ्या हातावर दही ठेवलं. मग थोडं फुरोशिकीच्या गाठीवर. जपानी दही, गोडसर, तू नावं ठेवायचीस ते. गल्लीत कावाई आजी झाडत होत्या. तू गेल्यापासून इतक्या दिवसांत मी रोज बघितलंय, तुमच्या हद्दीपर्यंत येतात, थांबतात, एकही पान ओलांडत नाहीत. आजही थांबल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं त्यांना.

बंगालचा उपसागर लागला वाटतं. बोटं आखडलीत. उरलेलं पुण्याला गेल्यावर.

* * *

पुण्यात आहे. सकाळ आहे. चहा झालाय.

मुंबईला उतरले तेव्हा सवयीनं फोन काढला, तुझं नाव दाबलं, मग थांबले. मिनाला लिहिलं, "उतरलो." तिथे तेव्हा अंधार पडून किती वेळ झाला असेल. उत्तर लगेच आलं. ही पोरगी मला सगळं जपानीत लिहिते, फार तर इंग्रजीत. हे मराठीत होतं, रोमन अक्षरांत, चुकतमाकत.

"उतरलीस. पोचलीस का?"

टॅक्सीत मी घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. ड्रायव्हर चहाला थांबला. मी तुला घेऊन खाली उतरले, एकटी ठेवायची कशी?

आणि दारात पेच पडला. मला आधी सुचायला हवं होतं. अस्थी घरात आणत नाहीत. माझ्या आईनं दाराबाहेर, चपलांच्या कपाटावरची खुंटी रिकामी करून ठेवली होती, तिथे पिशवी टांगायची आणि उद्या नदीवर जायचं, असं गुरुजींनी सांगितलं होतं. आईचं काही चुकत नव्हतं, रीत तीच आहे. पण मी जिन्यात तुला छातीशी धरून उभी राहिले, आणि तुझा नियम माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. उंबरठा ओलांडल्याशिवाय पोचणं नाही. म्हणजे तू पावणेसात हजार किलोमीटर येऊन शेवटच्या एका पावलावर अडकलीस. आता मिनाला काय कळवू? ती तिकडे किल्ली खिशात टाकून बसली आहे.

मी आईला म्हटलं, ही आत आल्याशिवाय पोचत नाही. आई म्हणाली, "वैजू, असं काय करतेस, दमली आहेस तू."

बाबा आतून आले. हल्ली भिंतीला धरून चालतात. त्यांनी खुंटी बघितली, निळं कापड बघितलं, गाठीवरचा दह्याचा वाळलेला डाग बघितला.

"हे कुणी लावलं?"

"मिनानं."

बाबांनी त्या डागावर बोट ठेवलं. मग आईला म्हणाले, "हिच्यासाठी आमच्या आईनं तार येईपर्यंत घराचा उकिरडा केला होता. आणि आता ही दारात आली तर खुंटीला टांगू? आत आण गं तिला. गुरुजींना मी बघतो."

आईनं बाजूला होऊन वाट दिली. मी तुला घेऊन आत आले, आत्या. उजवं पाऊल आधी टाकलं, का ते विचारू नकोस. बाबांनी तुला त्यांच्या खुर्चीशेजारच्या चौरंगावर ठेवायला लावलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेले. भिंत धरून गेले, भिंत सोडून आले, दोन्ही हातांत तांब्याभांडं होतं. तुझ्यासमोर ठेवलं. भांड्यात पाणी ओतताना थोडं सांडलं.

"घे शरू," म्हणाले, "दमली असशील."

मग चष्मा पुसत बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कळव त्या पोरीला."

मी लिहिलं, "पोचली."

मिनाचं उत्तर दोनच शब्दांचं होतं. "कळलं. सकाळी." दिवेलागणीनंतर झाडू लावत नाहीत, हेही तिच्या डोक्यात होतं. अंधश्रद्धा म्हणणारी तुझी लेक!

टोकियोत आपल्याआधी उजाडतं. मी जागी झाले तेव्हा फोनमध्ये तिची एक छोटी क्लिप येऊन पडली होती. तिनं फोन ओट्यावर टेकवून ठेवला असणार, तिचा चेहरा तेवढा दिसत नाही. रोबो कोपऱ्यात बास्केटखाली गप्प. हातात झाडू. मेथीच्या काड्या, केस, तुझ्या औषधाच्या पाकिटाचा चुरा, सगळं हळूहळू दाराकडे सरकतंय. कुठेही घाई नाही. तुझ्या सपाता उचलत नाही, त्यांच्या कडेनं झाडते. मग दार उघडल्याचा आवाज, बाहेरचा उजेड, आणि पलीकडून कावाई आजींचा झाडू सुरू झाल्याचा आवाज.

शेवटी ती सरळ उभी राहते. कंबरेला हात लावते, अगदी तुझ्यासारखा. आणि मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं, तिच्या त्या जपानी वळणाच्या मराठीत म्हणते,

"चला, पोचली आमची आई!"

चढाचा रस्ता होता, आत्या. पण पोचलीस.